गोव्यातून हृदयविकारावर मोठा अभ्यास उभा करायचाय? सरकारी निधी कसा मागायचा ते सांगते

गेल्या दोनेक वर्षांत निदान सहा जण माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन आलेत. कोण गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून एमडी करून नुकतं लेक्चरर लागलेलं, कोण ताळगावला युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवणारं, एकजण तर फार्मसीवाला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आपल्या वाड्यावरची पंचेचाळीस-पन्नाशीतली माणसं हार्ट अटॅकने जातायत, कारणं आपण दुसऱ्या देशांच्या अभ्यासांवरून सांगतो, इथला स्वतःचा मोठा अभ्यास हवा, पण पैसे कुठून आणायचे. मी गेली बरीच वर्षं रिसर्च प्रोजेक्टचं कोऑर्डिनेशन करते, प्रपोजल लिहिणं, बजेट बसवणं, फील्डवरच्या मुली सांभाळणं, युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी ठरल्या कामालाच खर्च झाला याचा दाखला) काढणं हे सगळं माझ्या हातून गेलंय, त्यामुळे प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून काढते.

पहिली गोष्ट जी मी सगळ्यांना सांगते आणि जी सुरुवातीला कोणालाच पटत नाही. तुम्ही बजेट लिहायला बसलात की पहिली ओळ इको मशीनची (हृदयाच्या सोनोग्राफीच्या यंत्राची) पडते, दुसरी जेनेटिक टेस्टिंगची. ते बाजूला ठेवा. हृदयविकाराचा मोठा अभ्यास म्हणजे हजारो धडधाकट माणसं आज गाठायची आणि मग वर्षानुवर्षं त्याच माणसांच्या दारात परत परत जायचं, कोणाला काय झालं ते बघत. तुम्ही सरकारकडे पैसे मागताय ते ह्या परत जाण्याचे. ज्या प्रपोजलमध्ये हे परत जाणं नीट मांडलेलं असतं ते टिकतं, आणि ज्यात मशीन भारी आणि फील्डवर्कर दोन, ते समीक्षकाच्या पहिल्याच वाचनात पडतं.

फ्रेमिंगहॅमचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं पण त्याची पैशांची बाजू फारशी कोणी वाचत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या त्या छोट्या गावात १९४८ साली सरकारी पैशावर ५,२०९ माणसांचा अभ्यास सुरू झाला. ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयविकाराशी संबंध आज आपण गृहीत धरतो, आणि 'रिस्क फॅक्टर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी रुळला, त्यात ह्या अभ्यासाचा फार मोठा वाटा. पण वीस वर्षं झाल्यावर सरकारने हात आखडता घेतला, १९६० च्या दशकाच्या शेवटी अभ्यास गुंडाळायची वेळ आली, तेव्हा लोकांकडून देणग्या जमवून तो तगवला आणि पुढे १९७१ पासून बॉस्टन युनिव्हर्सिटीमार्फत सरकारी पैसा परत सुरू झाला. त्याच साली पहिल्या माणसांच्या मुलांनाही अभ्यासात घेतलं. म्हणजे युनिव्हर्सिटी मध्ये आली म्हणून अभ्यास वाचला. आणि एवढं नाव झाल्यावरही २०१३ मध्ये अमेरिकन सरकारच्या खर्चकपातीत त्यांचे जवळजवळ ४० टक्के पैसे कापले गेले, लोकांना नोकऱ्या सोडाव्या लागल्या. हे मुद्दाम सांगते, कारण निधी एकदा मंजूर झाला म्हणजे झालं असं समजून आराखडा करू नका, दर टप्प्याला स्वतंत्र काहीतरी हाती लागेल अशीच मांडणी करा.

आता आपलं. गोव्यात बसून मोठा अभ्यास मागायचा तर पहिला आक्षेप ठरलेला असतो, की राज्य केवढंसं, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोक, एवढ्यात काय मोठं करणार. ह्याला उत्तर तयार ठेवा आणि ते प्रपोजलच्या पहिल्याच पानावर घाला. माझ्या मते गोव्याची खरी ताकद मृत्यूच्या नोंदीत आहे. हृदयविकाराच्या अभ्यासात शेवटी मोजायचं काय, तर कोणाला अटॅक आला आणि कोण कशाने गेलं. देशभरात डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू २०२० च्या सरकारी अहवालात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के होते, आणि त्याच अहवालात गोवा १०० टक्के. सर्टिफिकेटवरचं कारण दर वेळी अचूक असतं असं नाही, पुष्कळदा नुसतं कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट लिहून मोकळे होतात, तरी कागद आहे, तारीख आहे, डॉक्टरची सही आहे, आणि तिथून मागे जाऊन केस पेपर काढता येतो. बाकीच्या बऱ्याच राज्यांत संशोधकांना घरी जाऊन नातेवाइकांना विचारून विचारून कारण ठरवावं लागतं.

दुसरी ताकद म्हणजे स्टेमी गोवा, हार्ट अटॅकवर तातडीने उपचार करायची सरकारी योजना. कोणाच्या छातीत दुखलं आणि तो वाळपईच्या किंवा काणकोणच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेला की तिथेच ईसीजी निघतो, ऑनलाइन वाचला जातो, अटॅक पक्का असला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि १०८ ने बांबोळीला गोमेकॉत पाठवतात. संशोधकाच्या नजरेने बघा, सरकारी व्यवस्थेत येणारे अटॅक एका जाळ्यातून एका मोठ्या हॉस्पिटलात येतायत. हा निकाल पकडायचा तयार रस्ता आहे. खाजगी हॉस्पिटलांशी मात्र वेगळं बोलावं लागतं, ते विसरू नका.

आणि संख्या कमी पडते तर शेजार जोडा. सिंधुदुर्गातले पेशंट तसेही बांबोळीलाच येतात, सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला विचारा. कारवार खाली आहेच. तीन राज्यं, एकच किनारा, जेवणात तोच भात-मासा. अशी मांडणी केलीत की छोटं राज्य हा आक्षेपच उरत नाही, उलट तुमचा अभ्यास अनेक केंद्रांचा होतो, आणि मोठा निधी मागताना त्याचा उपयोग होतो.

पैसे कुठे आहेत ते आता बघू.

मुख्य दार आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद. त्यांच्या बाहेरच्या संस्थांना द्यायच्या ग्रँटचे ढोबळ तीन थर आहेत. छोटी ग्रँट, २ कोटींपर्यंत. मधली, २ ते ८ कोटी, ही अनेक केंद्रांनी मिळून करायच्या अभ्यासाला. आणि त्याच्या वर सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड रिसर्च, पाच वर्षांसाठी १५ कोटींपर्यंत. कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात निघते तेव्हा त्यात लिहिलेले आकडे आणि अटी हेच शेवटचे धरा, मागच्या वर्षीची पीडीएफ समोर ठेवून प्रपोजल लिहू नका. अर्ज त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच जातो आणि मुख्य संशोधक कायम नोकरीत असलेला लागतो. तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर असाल तर कायम असलेल्या सिनियरना मुख्य करून स्वतः सह-संशोधक व्हा, पण कामाची वाटणी लेखी घ्या. खाजगी संस्था किंवा ट्रस्ट असेल तर डीएसआयआरची (केंद्राच्या विज्ञान आणि औद्योगिक संशोधन खात्याची) मान्यता लागते, ती नसेल तर आधी ती काढायला घ्या.

दुसरं दार एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्याने आलं, २०२४ पासून चालू झालं, विज्ञान संशोधनाला निधी देणारं आधीचं सरकारी मंडळ एसईआरबी त्यातच विरघळलं. पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आकडा सगळीकडे छापून आला पण त्यातले १४ हजार कोटी सरकारचे आणि बाकी ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचेत हे लक्षात असू द्या. नव्याने लागलेल्या प्राध्यापकांसाठी त्यांची अर्ली करिअर ग्रँट आहे, त्यातून लोकसंख्येचा अभ्यास उभा राहणार नाही पण एखादी पद्धत, एखादं सॉफ्टवेअर, ईसीजी वाचायचं अल्गोरिदम एवढं नक्की होईल. फर्मागुडीचे आयआयटीवाले, सांकवाळचे बिट्सवाले, कुंकळ्ळीचे एनआयटीवाले ह्यांना सोबत घ्यायचं असेल तर हे दार बरं. डॉक्टरांनी एकट्याने इथे जाऊ नये असं माझं मत.

शिवाय सरकारी मेडिकल कॉलेजांत रिसर्च युनिट उभारायला डीएचआरची, म्हणजे केंद्राच्या आरोग्य संशोधन खात्याची योजना असते, तुमच्या कॉलेजात काय आहे ते डीनच्या ऑफिसात विचारा. आणि डीबीटी (केंद्राचं जैवतंत्रज्ञान खातं) व ब्रिटनची देणगी संस्था वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ मध्ये सुरू केलेली इंडिया अलायन्सची फेलोशिप, ती माणसाला मिळते, प्रोजेक्टला नाही, पण पाच वर्षं डोकं शांत ठेवून काम करायचं तर तिच्यासारखी दुसरी नाही.

परदेशी पैसाही आलेला आहे, सरकारांचा आणि ट्रस्टांचा. २०१० मध्ये सुरू झालेला दिल्ली, चेन्नई आणि कराचीचा कार्स नावाचा हृदयविकार-मधुमेहाचा अभ्यास, १६ हजारांवर माणसं, त्याला अमेरिकेच्या एनआयएचच्या (तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या) हृदय-फुप्फुस विभागाने पैसे दिले. आपल्या शेजारी बेळगावात जेएनएमसी मेडिकल कॉलेजवाल्यांनी माता-बालकांच्या अभ्यासावर एनआयएचचा पैसा कितीतरी वर्षं आणला. गोव्यातच बघा ना, पर्वरीच्या संगत ह्या संस्थेने नैराश्यावरचा मानस नावाचा अभ्यास २४ दवाखान्यांत केला आणि २०१० साली तो लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो पैसा वेलकम ट्रस्टचा. विषय वेगळा, पण गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतून जगाने वाचावं असं काम होऊ शकतं याचा पुरावा म्हणून समीक्षकाला दाखवायला ते आपलंच घरचं उदाहरण आहे. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार आला की आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, एचएमएससी म्हणतात तिला, त्यात महिने जातात, तेवढे महिने वेळापत्रकात आधीच धरा. संस्था ट्रस्ट असेल तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याचंही बघावं लागतं.

एवढी दारं सांगितली तरी पहिल्याच वर्षी ८ कोटींच्या दारावर जाऊन उभे राहू नका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा ह्या वैद्यकीय संस्थेचा रस्ता मी सगळ्यांना दाखवते. २०१३ मध्ये त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या १८ हॉस्पिटलांतले हार्ट फेल्युअरचे १,२०५ पेशंट नोंदवले, बस, तेवढंच केलं पण नीट केलं. मग त्याच अनुभवावर आयसीएमआरच्या मदतीने देशभरची नोंदणी झाली, ५३ हॉस्पिटलं, १० हजारांवर पेशंट. आणि हार्ट फेल्युअरसाठीचं आयसीएमआरचं राष्ट्रीय केंद्र त्यांच्याकडे आलं. तुम्हीही आधी एक तालुका घ्या, पाचशे माणसं घ्या, एक वर्षाने त्यातली किती परत भेटली तो आकडा काढा. पाचशेपैकी चारशे साठ परत भेटली हे एक वाक्य मोठ्या प्रपोजलमध्ये जे काम करतं ते दहा पानांचं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर करत नाही. ह्या पायलटला छोटी ग्रँट किंवा कॉलेजचा स्वतःचा निधी पुरतो.

आता माणसं किती लागणार. हा हिशोब स्टॅटिस्टिशियनकडे जायच्या आधी तुम्ही स्वतः कागदावर करून बघा, म्हणजे आपण काय मागतोय ते कळतं. समजा पस्तिशीच्या वरच्या हजार माणसांत वर्षाला पाच जणांना हृदयविकाराचा झटका किंवा तसं काही गंभीर होतं. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, तुमचा तुम्ही पायलट आणि छापून आलेल्या अभ्यासांवरून काढा. पाचशे माणसं घेतलीत तर वर्षाला अडीच घटना, त्यातून काहीच सांगता येणार नाही. दहा हजार घेतलीत तर वर्षाला पन्नास, पाच वर्षांत अडीचशे. त्यातली वीस टक्के माणसं तुमच्या हातून सुटली तर राहिल्या दोनशे. एका कारणाचा परिणाम तपासायला निदान दहा घटना हव्यात असा जुना ढोबळ नियम आहे, म्हणजे दोनशे घटनांत वीसेक कारणं एकत्र तपासता येतील. बघा, सुटलेल्या वीस टक्क्यांनी तुमची पन्नास घटनांची कमाई खाल्ली. म्हणून परत जाण्यावर मी एवढी अडून बसते.

दहा हजार माणसांना भेटायला किती फील्डवर्कर? एक मुलगी दिवसाला सहा माणसं करू शकते. प्रश्नावली, कंबर, वजन, आणि ब्लड प्रेशर नीट घ्यायचं म्हणजे माणसाला पंधरा मिनिटं शांत बसवून, तीन वेळा, मध्ये तीन-तीन मिनिटं सोडून, आणि शेवटच्या दोनांची सरासरी, जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत तीच आहे. महिन्याला बावीस दिवस धरले तर १३२, पण कुलूप असलेली घरं, पाऊस, आजारपण जाऊन शंभरच हातात पडतात. म्हणजे शंभर माणूस-महिने. दहा महिन्यांत संपवायचं तर दहा जणी. प्रत्येकी २५ हजार पगार धरला तर वर्षाला तीस लाख, पाच वर्षांचे दीड कोटी. पगाराचा खरा आकडा निधी देणाऱ्या संस्थेच्या कोष्टकातूनच घ्यायचा, मनाने लिहायचा नाही. वर स्कूटरचं पेट्रोल, रक्ताच्या तपासण्या माणशी सहाशे धरल्या तरी साठ लाख, एक डेटा मॅनेजर, एक डॉक्टर, एक नर्स. इको सगळ्यांची करू नका, हजार जणांची करा आणि ती आधीच असलेल्या मशीनवर, हॉस्पिटलचं पत्र घेऊन.

गोव्याचं म्हणून काही वेगळं असतं ते बाहेरच्या टेम्प्लेटमध्ये सापडत नाही, ते तुम्हालाच घालावं लागतं. सासष्टीत, बार्देशात कितीतरी घरांत कर्ता पुरुष तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असतो, आठ-नऊ महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. त्याला तुम्ही नमुन्यात घेतलंत आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात गेलात तर तो नसणारच, आणि कागदावर तो 'सुटलेला' दिसणार. त्याच्या बायकोकडून तो कधी येणार ते लिहून घ्या, व्हॉट्सअॅप नंबर घ्या, आणि तो घरी असताना जा, मग ते वेळापत्रकात बसो न बसो. काही कुटुंबं तर पोर्तुगीज पासपोर्टवर कायमची बाहेर गेलीत, त्यांच्यासाठी फोनवरचा फॉलो-अप आधीच मंजूर करून घ्या. चवथीच्या (गणपतीच्या) आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस कोणी तुम्हाला बसून वेळ देणार नाही, शिगम्यात (होळीच्या सणात) आणि गावच्या जत्रेच्या दिवशीही नाही. सत्तरी, सांगेत काजूच्या दिवसांत माणसं सकाळपासून बागायतीत असतात, तिथे संध्याकाळी सहानंतर जावं लागतं आणि मग मुलींना परत आणायला गाडी हवी, ती गाडी बजेटमध्ये लिहा. समीक्षक दिल्लीत बसलेला असतो, पण असं लिहिलेलं वाचलं की त्याला कळतं, ह्या लोकांनी पाय घराबाहेर काढलाय.

संमतीपत्राचंही तसंच. नियमाप्रमाणे माणसाला कळेल त्या भाषेत हवं, म्हणजे आपल्याकडे कोंकणी, मराठी, आणि वास्को-मडगाव पट्ट्यात हिंदी आणि कन्नडही. पण भाषांतर करून घेऊन थांबू नका, मोठ्याने वाचून बघा. आमच्या एका अभ्यासात सत्तरीतल्या एका आजीने तीन पानं शांतपणे ऐकली आणि शेवटी एवढंच विचारलं, "म्हजें रगत खंय व्हरतात?" म्हणजे माझं रक्त कुठे नेता. तीन पानांत ते कुठेच सोप्या शब्दांत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पहिलंच वाक्य बदललं, रक्त किती चमचे घेणार, कुठल्या लॅबला नेणार, किती दिवसांनी रिपोर्ट हातात देणार. त्यानंतर नकार खूप कमी झाले.

एथिक्सचं सांगायचं तर तुमच्या संस्थेची एथिक्स कमिटी नोंदणीकृत आहे ना ते आधी तपासा. साध्या आरोग्य संशोधनासाठी डीएचआरकडे नोंदणी लागते, औषधाची ट्रायल असेल तर सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. ट्रायल असेल तर पहिला माणूस घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद झालीच पाहिजे, २०१८ पासून नंतर नोंद करायची सोय बंद आहे. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. डेटा ओडीकेसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर घ्या, ते नेटवर्क नसतानाही चालतं, सांगेच्या आतल्या गावांत ते लागतंच. नाव-पत्ता एका फाइलमध्ये, बाकी माहिती दुसरीत, दोन्हींच्या चाव्या वेगवेगळ्या माणसांकडे, हे प्रपोजलमध्ये लिहा, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तर नक्कीच.

पत्रं मात्र सगळ्यात आधी मागायला घ्या. आरोग्य खात्याचं परवानगीचं पत्र, हॉस्पिटलचं, जन्म-मृत्यू नोंदणीचा डेटा बघायची परवानगी, भागीदार कॉलेजांच्या प्रमुखांच्या सह्या. कॉल निघाल्यावर हातात साधारण महिनाच असतो आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तेवढाच वेळ लागतो. मी तर सांगते, कॉल नसतानाही फाइल फिरवायला घाला, स्वतः जाऊन बसा, क्लार्कला अभ्यास काय आहे ते समजावून सांगा. त्याच्याही घरात कोणाला ना कोणाला बायपास झालेली असते, तो मनापासून मदत करतो.

नकार येईल. पहिल्या वेळी बहुतेकांना येतोच. समीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस बाजूला ठेवा, मग एकेक शेरा वहीत उतरवा आणि समोर काय बदललं ते लिहा. "नमुना प्रातिनिधिक नाही" असा शेरा असेल तर रागावू नका, मतदार यादीतून की घरांच्या यादीतून, शहर-गाव कसं वाटलं, हे तुम्ही नीट लिहिलेलं नसतं म्हणून तो येतो. पुढच्या वर्षी तेच प्रपोजल सुधारून घाला.

आणि मंजुरी आली की खरं काम सुरू. इथे मला जे सोसावं लागलं ते सांगते म्हणजे तुमच्यावर येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत आमचा अभ्यास चालू होता, पहिल्या वर्षाचे पैसे मार्चपर्यंत संपले, दुसरा हप्ता यायला युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे सरकारी वित्त नियमांतला (जीएफआर) १२-अ चा फॉर्म, आणि ऑडिट केलेला हिशोब लागतो. अकाउंट्समध्ये ती फाइल पडून राहिली, आम्हीही वेळेत मागे लागलो नाही. चार महिने हप्ता आला नाही. फील्डवरच्या सात जणींना चार महिने पगार नाही. त्यातल्या दोघी सोडून गेल्या, कोण त्यांना दोष देणार, एकीच्या घरी तिच्याच पगारावर चूल पेटत होती. आणि त्या दोघींबरोबर त्यांची गावंही गेली. त्या ज्या घरांत वर्षभर जात होत्या तिथे नवीन मुलगी गेली तर लोक दार अर्धवट उघडून विचारायचे, ती पहिली कुठे गेली. त्या दोन गावांत आमचा फॉलो-अप इतका घसरला की विश्लेषणात ती गावं वेगळी काढावी लागली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून आता मी असं करते. हिशोब दर महिन्याच्या पाच तारखेला, वर्षाच्या शेवटी नाही. जानेवारीतच अकाउंट्सशी बसून युटिलायझेशन सर्टिफिकेटचा मसुदा तयार. शिल्लक पैशावरचं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत करायचं असतं, ते वेगळं लिहून ठेवलं की ऑडिटला प्रश्न येत नाही. खरेदी जेम ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, तिथे वजनकाटा यायलाही कधी दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे खरेदीच्या ऑर्डरी पहिल्या आठवड्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मंजुरीचं पत्र आलं की संस्थेच्या प्रमुखांकडून लेखी घ्या की हप्ता उशिरा आला तर निदान तीन महिन्यांचा पगार संस्था आपल्या पैशातून देईल आणि नंतर वळता करून घेईल. पत्र मिळायला त्रास पडतो, पण मंजुरीच्या दिवशी सगळे खूश असतात, त्याच दिवशी सही घ्या.

फील्डवरच्या मुलींचं नाव प्रत्येक गावाला पक्कं करून द्या, शक्यतो त्याच तालुक्यातली मुलगी, आणि तिला एका वर्षाचं नाही, पूर्ण प्रोजेक्टभराचं नेमणूकपत्र मिळेल असं बघा. प्रत्येक घरी मागच्या वेळचा रिपोर्ट कोंकणी किंवा मराठीत एका पानावर न्यायचा, प्रेशर किती होतं, साखर किती होती, डॉक्टरकडे जायची गरज आहे का. गरज असेल तर कुठल्या आरोग्य केंद्रात कुठल्या दिवशी जायचं तेही त्याच कागदावर. ह्या कागदाची छपाई बजेटमध्ये वेगळी लिहा, दहा हजार माणसं, पाच वर्षं, पन्नास हजार पानं. गेल्या पावसात मी वाळपईकडच्या एका वाड्यावर आमच्या मुलीबरोबर गेले होते. तिसऱ्या वर्षाची भेट. म्हातारीने लांबूनच ओळखलं, "आयलें गो बाय?" म्हणाली, आणि आम्ही छत्र्या मिटायच्या आत देव्हाऱ्यामागून प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेले मागच्या दोन वर्षांचे कागद काढून पाटावर ठेवले.